तहानेचा महाल

‘हॉटेल’ हा शब्द मराठीच्या उंबऱ्यावर आला तेव्हा त्याने आपली खाट आणि आपली बाटली बाहेर ठेवली आणि मगच तो आत आला. आपल्या बोलण्यात हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ. झोपायला लॉज, प्यायला गुत्ता, पोटभर जेवायला खाणावळ. गरजा चार आणि त्यांची दारेही चार. ऑस्ट्रेलियात नेमके उलटे घडले. तिथल्या मद्यविक्रीच्या कायद्यांनी गुत्तेवाल्याला अट घातली, की वाटसरूला खाट आणि जेवण देण्याची सोय असेल तरच परवाना मिळेल. म्हणून तिथला जुना गुत्ता स्वतःला अभिमानाने हॉटेल म्हणवतो, आणि त्याच्या पाठीमागच्या दालनात पांढरी बशी, सुरी, काटा आणि मिठाची बाटली मांडलेली असते.

जे जेवणघर अन्नपूर्णेने नव्हे तर सरकारी परवान्याने जन्माला घातले, त्याची समीक्षा कोणत्या कसोटीने करावी? पुस्तकाची समीक्षा करणारा माणूस एरवी असल्या प्रश्नाच्या वाटेला जात नाही. पण ब्रोकन हिल या गावी ‘पॅलेस हॉटेल’मध्ये एक रात्र जेवलो आणि तो प्रश्न माझ्यामागे लागला. तो इतका मागे लागला, की पुस्तकांच्या बाबतीत मी आजवर वापरत आलेली एक कसोटीही त्याने ढिली करून टाकली. त्या जेवणाचा आणि त्या भिंतींचा हा अभिप्राय आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. पण गाव कळल्याशिवाय जेवण कळणार नाही, म्हणून थोडे गावाविषयी.

ब्रोकन हिल हे न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाला, तांबड्या मातीच्या ओसाड प्रदेशात वसले आहे. राजधानी सिडनी अकराशे किलोमीटरांहून दूर, तर शेजारच्या राज्यातले ॲडलेड सुमारे पाचशे किलोमीटरांवर. म्हणून सरकार सिडनीचे आणि घड्याळ ॲडलेडचे, असा तिथला संसार आहे. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाच्या, मेंढ्यांच्या कुरणाच्या हद्दीवर राखण करणाऱ्या माणसाला एका वाकड्यातिकड्या टेकडीत कथील असावे असे वाटले. निघाले ते शिसे, चांदी आणि जस्त, आणि तेही जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ साली तिथे स्थापन झालेली कंपनी पुढे जगभर पसरली आणि १९३९ साली त्या खाणीतून निघूनही गेली. ज्या मोडक्या टेकडीवरून गावाला नाव पडले ती टेकडीही आता उरलेली नाही; ती खणून, वितळवून, विकून झाली. विल्याकाली या मूळ रहिवाशांची ही भूमी. तिच्यावर आता रस्ते आहेत आर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड आणि ब्रोमाइड. पत्ता विचारताना मला शाळेतले रसायनशास्त्राचे मास्तर आठवत होते.

आर्जेंट आणि सल्फाइड, म्हणजे चांदी आणि गंधक, यांच्या कोपऱ्यावर पॅलेस हॉटेल उभे आहे. तीन मजली इमारत, रस्त्यावर पुढे आलेले लांबच लांब सज्जे, त्यांना ओतीव लोखंडाच्या जाळीची झालर. ही वास्तू १८८९ साली बांधली गेली ती गुत्ता म्हणून नव्हे. तिचे मूळ नाव ‘कॉफी पॅलेस’. मद्यपानाविरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींनी त्या काळात ऑस्ट्रेलियाच्या शहरांत असे कॉफीचे महाल उभारले होते. त्यांचा विचार असा, की खाणकामगाराला दारूपासून तोडायचे तर गुत्त्याहून देखणी जागा त्याला दिली पाहिजे. बारा हजार पौंडांहून अधिक खर्च झाला. महाल देखणा झाला. गिऱ्हाईक मात्र आले नाही. अवघ्या तीन वर्षांत, १८९२ साली, मालकांनी मद्याचा परवाना घेतला आणि कॉफीचा महाल दारूचा महाल झाला. ज्या राज्याने दारूबंदीचा कायदा केला आणि मग त्याच कायद्याच्या पोटात ‘परमिट रूम’ वाढताना पाहिली, त्या राज्यातल्या वाचकाला या कथेचा शेवट ऐकून नवल वाटणार नाही.

पण या कथेत एक उपकथानक आहे, आणि ते थोडेसे आपल्या घरचे आहे. १८६६ साली थॉमस एल्डर नावाच्या सावकाराने कराचीहून सुमारे सव्वाशे उंट आणि त्यांचे हाकारे ऑस्ट्रेलियात आणवले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. पुढे अशी आणखी पुष्कळ माणसे आली: बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी. तिथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले. रेल्वे जिथे पोचत नव्हती तिथे पीठ, साखर, चहा, खिळे आणि पाणी पोचवले ते या माणसांनी आणि त्यांच्या उंटांनी. ब्रोकन हिलच्या कडेला त्यांचा तळ होता. तळावरची त्यांची छोटी मशीद पन्हाळी पत्र्याची आहे, आणि ती आज संग्रहालय म्हणून जपली आहे.

आता पाहा. गावात कॉफीचा महाल गिऱ्हाइकावाचून ओस पडतो आहे, आणि गावाच्या कडेला अशी वस्ती आहे जिच्या धर्मातच दारू निषिद्ध! चळवळवाल्यांना हवे होते तसले गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर होते. त्या माणसांना या दिवाणखान्यात कुणी सन्मानाने बोलावले असेल असे मला वाटत नाही. त्यांची चूल वेगळी, पंगत वेगळी. पुढे १ जानेवारी १९१५ रोजी त्या तळावरच्या दोघांनी सहलीला निघालेल्या आगगाडीवर गोळ्या झाडल्या. चार जण मेले. ते दोघेही मारले गेले. त्यांतला एक आइस्क्रीमची गाडी घेऊन गावात फिरत असे. दुसरा आपल्या लोकांचा मुल्ला आणि खाटीक होता. परवाना नसलेल्या जागी मेंढी कापली म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी त्याला दंड झाला होता. निरपराधांच्या हत्येला समर्थन नाही, आणि मी ते देतही नाही. पण जेवणाचा विचार करताना एवढे मनात येतेच: दोघेही गावाला काहीतरी खाऊ घालणारे होते, आणि गावाच्या टेबलाशी दोघांनाही खुर्ची नव्हती.

असो. आम्ही जेवायला बसलो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि ॲडलेडचा माझा भाचा, ज्याने मोटार हाकली. “मामा, इथे जास्त विचार करू नका, मेंढी मागवा,” तो म्हणाला. मेंढीच्या फासळ्या, भाजलेले बटाटे, वाटाणे आणि वरून तपकिरी रस्सा, एवढे माझ्या पुढ्यात आले. त्याच्यासमोर कोंबडीची ‘पार्मिजाना’ आली: मूळची इटालियन माणसाची वांग्याची पाककृती, परदेशात आल्यावर वांगे टाकून कोंबडी झालेली, आणि ऑस्ट्रेलियन गुत्त्याची जणू राष्ट्रीय थाळी बनलेली.

मांस उत्तम शिजले होते. बटाट्याची साल कुरकुरीत आणि आतला गर लोण्यासारखा होता. या बाबतीत माझी काही तक्रार नाही. माझा आक्षेप रचनेला होता. आपल्या ताटाला व्याकरण असते. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वरणभातानंतर पोळी आणि शेवटी ताकभात. एक घास दुसऱ्याला उत्तर देतो. इथल्या बशीत तीन ढीग शेजारी-शेजारी बसले होते, आगगाडीच्या डब्यात अनोळखी माणसे बसतात तसे. त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. रस्सा सर्वांच्या अंगावर सारखाच ओतलेला. आणि प्रमाण? एका बशीत माझी दोन जेवणे झाली असती.

मनात निकाल लिहून झाला होता: सामग्री चांगली, पण रचना नाही. असा निकाल मी अनेक कथासंग्रहांवर दिलेला आहे, त्यामुळे तो लिहायला मला वेळ लागत नाही.

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ एकटेच जेवत होते. मी बशीशी झुंजतो आहे हे पाहून ते हसले. बोलणे सुरू झाले. खाणीत आयुष्य गेलेले. ते म्हणाले, “ही बशी तुमच्यासाठी नाही. वर आलेल्या माणसासाठी आहे.” वर आलेल्या, म्हणजे जमिनीखालून वर आलेल्या. आठ-आठ तास अंधारात दगड फोडून, घामावाटे अंगातले मीठ घालवून पिंजऱ्यातून वर आलेल्या माणसाला एक बशी लागते. दुसऱ्यांदा वाढायला कुणी यावे म्हणून थांबण्याची त्याला ताकद नसते, आणि कोशिंबीर कोणत्या बाजूला आहे हे पाहण्याची इच्छाही नसते. खारट रस्सा सर्वांवर ओतलेला असतो, कारण त्याला आधी मीठ हवे असते आणि चव मागाहून.

त्या एका वाक्याने माझा निकाल मला खोडावा लागला. त्या बशीतही व्याकरण होते. ते भूक ठरवीत होती, पंगत नव्हे. कृतीची परीक्षा करण्याआधी ती कुणासाठी झाली हे विचारावे, हा समीक्षेचा पहिला धडा. तो मी दुसऱ्यांना शिकवत आलो, आणि स्वतः मेंढीच्या फासळीपुढे विसरलो.

तरीही आक्षेप पूर्णपणे मावळला नाही. आज त्या दालनात जेवणाऱ्यांत खाणीतून नुकता वर आलेला माणूस विरळा. आहेत ते प्रवासी, पेन्शनर, आणि माझ्यासारखे हौशी. बशी मात्र खाणकामगाराच्या मापाचीच राहिली. प्रयोजन संपल्यावरही रूप टिकते, हे साहित्यात आपण पुष्कळदा पाहतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे अंक गेले, पण गरज नसलेल्या जागी पद म्हणण्याची सवय कितीतरी वर्षे राहिली. अशा वेळी रूप एक तर स्मारक होते, नाही तर ओझे. ब्रोकन हिलच्या बशीला मी स्मारक म्हणेन, पण बिचकत. गावातल्या मातीच्या ढिगाऱ्यावर खाणीत मेलेल्यांचे स्मारक आहे. त्यावर आठशेहून अधिक नावे आहेत आणि नावांसोबत मृत्यूची कारणेही. दरड कोसळून, पडून, यंत्रात सापडून. ती यादी वाचून आलेल्या माणसाला बशीतला चौथा बटाटा टाकून उठणे जड जाते. मी तो खाल्ला.

याच गावाने १९१९-२० साली सुमारे दीड वर्ष संप करून आठवड्याला ३५ तास काम हा हक्क मिळवला. संध्याकाळी टेबलाशी बसून निवांत जेवण्याची चैन कामगाराला मिळाली ती त्यातून. पण त्याच बलाढ्य कामगार संघटनांचा असाही दंडक होता, की लग्न झालेल्या स्त्रीने गावात नोकरी करायची नाही. १९८१ साली एका विवाहित तरुणीने त्याला उघड आव्हान दिले तोवर तो मोडला नव्हता. गुत्त्याच्या मुख्य दालनात तर ऑस्ट्रेलियात बायकांना बसूच देत नसत. १९६५ साली ब्रिस्बेनच्या एका हॉटेलात दोन स्त्रियांनी पितळी दांड्याला स्वतःला साखळीने बांधून घेतले, तेव्हा त्या प्रश्नाला तोंड फुटले. म्हणजे ज्या जेवणाचे आपण ‘कामगाराचे जेवण’ म्हणून कौतुक करतो, त्या पंगतीतून उंटवाले वगळलेले, मुख्य दालनातून बायकाही वगळलेल्या. स्मारकाला हात जोडताना हेही विसरू नये.

आता भिंती. पॅलेस हॉटेलची कीर्ती जेवणापेक्षा भिंतींमुळे आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीत मारियो चेलोत्तो नावाच्या इटालियन गृहस्थाने हे हॉटेल घेतले. त्याने छतावर स्वतःच्या हाताने बोत्तिचेल्लीची व्हीनस रंगवली: शिंपल्यावर उभी, समुद्रातून वर आलेली. पुढे गॉर्डन वे या आदिवासी चित्रकाराकडून त्याने प्रवेशदालनाच्या आणि जिन्याच्या भिंती रंगवून घेतल्या. अट एकच घातली: प्रत्येक चित्रात पाणी हवे. म्हणून तिथे नद्या आहेत, डोह आहेत, धबधबे आहेत. पायरीपायरीने आपण पाण्याच्या काठाकाठाने वर चढतो. १९९४ साली स्त्रीवेष करून नाचणाऱ्या तीन कलावंतांच्या वाळवंटातल्या बसप्रवासावर ‘प्रिसिला’ हा चित्रपट निघाला. त्याचा काही भाग याच हॉटेलात चित्रित झाला, आणि या भिंती जगाने पाहिल्या. त्यानंतर त्यांच्याविषयी बोलण्याची एक रीत पडून गेली: किती भडक, किती बेढब, आणि म्हणूनच किती मजेदार!

मला ही रीत मान्य नाही. वाईट आहे म्हणून आवडते, असे म्हणणारा रसिक कलाकृतीपेक्षा स्वतःच्या अभिरुचीवर जास्त खूश असतो. व्हीनसची नक्कल उत्तम नाही, हे मी सरळ सांगतो. फ्लॉरेन्समधल्या मूळ चित्रातली रेषेची तरलता छतावर उतरलेली नाही. देवी किंचित जड झाली आहे. एवढ्यावर माझी जुनी कसोटी थांबली असती: अस्सल ते तिकडे, नक्कल ती इथे.

पण म्हातारबुवा अजून जेवत होते. मी त्यांना भिंतींविषयी विचारले. त्यांनी जिन्याकडे पाहिलेही नाही. “आमच्या लहानपणी,” ते म्हणाले, “एका टबातल्या पाण्यात आधी बहिणी, मग आम्ही भाऊ, शेवटी बाबा. आणि ते पाणी मग लिंबाच्या झाडाला. त्या माणसाने भिंतभर पाणी काढले तेव्हा लोक हसले म्हणतात. आमच्या घरात कोणी हसले नाही.”

या गावाच्या इतिहासाचे दुसरे नाव तहान आहे. पाऊस नाममात्र. सुरुवातीच्या वर्षांत पाणी गाडीने आणून विकले गेले. पुढे धरणे झाली, ती आटली. सुमारे ११० किलोमीटरांवरच्या मेनिंडीहून डार्लिंग नदीचे पाणी आणले, तेही दुष्काळात खारट होऊन तळाला गेले. अखेर २०१९ साली मरे नदीपासून २७० किलोमीटरांची नळवाहिनी आली. ज्या गावाने सव्वाशे वर्षे पाण्याची वाट पाहिली, त्या गावात पाण्यातून वर येणारी देवी छतावर काढणे म्हणजे बोत्तिचेल्लीची नक्कल नव्हे. मूळ चित्रात समुद्र ही देवीची पार्श्वभूमी आहे. इथे समुद्रच नायिका आहे, देवी हे त्याला बोलावण्याचे निमित्त. चित्र तेच, पण त्याचा अर्थ जागेने बदलला. नकलेला स्वतःची तहान असली तर ती नक्कल राहत नाही, एवढे मला त्या जिन्याने शिकवले. आपल्याकडच्या किती ‘रूपांतरित’ नाटकांना मी या एका प्रश्नावाचून नापास केले, याचा हिशेब मी त्या रात्री सज्ज्यात बसून करत होतो. हिशेब लांबला.

भिंतींतली उणीव मात्र नोंदवली पाहिजे. त्या पाण्याला कष्टाचा वास नाही. निसर्गदृश्यातले पाणी आपोआप वाहते; खऱ्या गावातले कुणीतरी वाहून आणलेले असते. कधी उंटाच्या पाठीवर, कधी आगगाडीच्या टाकीत, कधी आईच्या कडेवर. स्वप्न रंगवणाऱ्याकडे हिशेब मागू नये हे खरे. पण महाल जेव्हा स्वतःला गावाची आठवण म्हणवतो, तेव्हा आठवणीत वाहणाऱ्यालाही जागा हवी.

तेव्हा अभिप्राय असा. वास्तू: थोर, आणि स्वतःच्या पराभवातून वाचलेली. भिंती: रेषेने मध्यम, अर्थाने मोठ्या. जेवण: प्रामाणिक, अवजड, आणि भूक घेऊन जाणाऱ्यालाच कळणारे. सुशोभित शहरी हॉटेलांत याहून नाजूक पदार्थ मिळतील. पण ज्याच्या छताकडे पाहत घास थांबावा असे जेवणघर मला दुसरे आठवत नाही.

उठताना वाढणाऱ्या मुलीने विचारले, आणखी काही हवे का? मी कॉफी मागितली. भाचा चकित झाला. इतक्या रात्री मी कॉफी घेत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण १८८९ साली ज्या कपासाठी हा महाल बांधला, तो कप घेतल्याशिवाय निघणे मला अपुरे वाटले. कॉफी आली. सोबत, न मागता, काचेच्या पेल्यात थंड पाणी आले. काठोकाठ भरलेले.

मी आधी पाणी प्यालो.